एकाच वाचकासाठी काढलेले पुस्तक

माळ्यावरच्या पेटीत किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात, शाळेच्या जुन्या दाखल्यांसोबत जपून ठेवलेले एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे प्रमाणपत्र महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत सापडते. त्यावर 'ब' किंवा 'क' श्रेणी नोंदवलेली असते आणि बहुतेकांच्या बाबतीत चित्रकलेशी असलेला संबंध तेथेच संपलेला असतो. पुढे दहावीचे वर्ष येते, मग नोकरी, मग संसार. चित्र काढणे हे चित्रकारांचे काम, आपल्याला कुठे तेवढा हात आहे, हे वाक्य एकदा तोंडी बसले की ते जन्मभर सुटत नाही. मात्र नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला, मैत्रिणीच्या पन्नाशीला किंवा निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला काय द्यावे, हा प्रश्न याच माणसांना वरचेवर पडतो आणि त्याचे उत्तर दर वेळी दुकानातच शोधले जाते.

एखाद्या विशिष्ट माणसासाठी काढलेले चित्र किंवा चित्रांची छोटी वही हा चित्रकलेतील एक स्वतंत्र प्रकार मानला, तर ती अतिशयोक्ती ठरू नये. त्याचे नियम वेगळे आहेत. प्रदर्शनातील चित्राला अनोळखी प्रेक्षकासमोर उभे राहायचे असते. त्यामुळे त्याला कौशल्याचा आधार लागतो. भेटीच्या चित्राचा प्रेक्षक एकच असतो आणि तो काय पाहून हसेल, कोणत्या वस्तूपाशी थबकेल, हे काढणाऱ्याला आधीच ठाऊक असते. हातातील उणीव ही ओळख भरून काढते. ही केवळ हौशी मंडळींची समजूत घालण्याची भाषा नव्हे. इंग्रजी बालसाहित्यातील अत्यंत गाजलेल्या पुस्तकांपैकी दोन पुस्तके मुळात अशीच, एकेका मुलासाठी हाताने काढलेली भेट होती आणि ती जगासमोर आणताना त्यांत काय बदलले, याचा तपशीलही उपलब्ध आहे.

ऑक्सफर्डमधील हिरवी वही

४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयातील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉज्सन हे आपले स्नेही रॉबिन्सन डकवर्थ यांच्यासह महाविद्यालयाच्या डीनच्या तीन मुलींना घेऊन होडीतून सहलीला गेले. लोरिना, अ‍ॅलिस आणि एडिथ या त्या तिघी बहिणी. वेळ घालवण्यासाठी डॉज्सन यांनी एक गोष्ट रचून सांगितली आणि दहा वर्षांच्या अ‍ॅलिसने ती लिहून देण्याचा हट्ट धरला. हेच डॉज्सन पुढे 'लुइस कॅरोल' या नावाने प्रसिद्ध झाले.

गोष्टीचा मजकूर फेब्रुवारी १८६३ पर्यंत लिहून झाला. चित्रे मात्र पूर्ण व्हायला सप्टेंबर १८६४ उजाडले. एकूण चित्रे ३७. म्हणजे एका मुलीच्या भेटीसाठी हा गणितज्ञ दीड वर्षाहून अधिक काळ चित्रे काढत होता. प्राणी नीट जमावेत म्हणून त्यांनी प्राणिशास्त्राचे पुस्तक उसने आणले होते. चित्रकलेत आपण कितपत पाण्यात आहोत, याची त्यांना कल्पना होती. त्या काळचे सर्वांत वजनदार कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी त्यांना, रेखाटनावर फार वेळ घालवावा इतके कसब आपल्या अंगी नाही, असे स्पष्टच सांगितले होते. रस्किन यांचे हे मत चुकीचे म्हणता येत नाही. कॅरोल यांच्या अ‍ॅलिसची मान अवघडलेली आहे, हात कुठे लांब तर कुठे आखूड झालेले आहेत. पण वही पूर्ण झाली आणि २६ नोव्हेंबर १८६४ रोजी ती अ‍ॅलिसच्या हाती पडली.

पुढील वर्षी, १८६५ मध्ये, ही गोष्ट 'अ‍ॅलिसेस अ‍ॅडव्हेंचर्स इन वंडरलँड' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यासाठी चित्रे काढली ती 'पंच' साप्ताहिकाचे नामवंत व्यंगचित्रकार जॉन टेनिएल यांनी. मजकूरही बराच वाढला. आज ज्यांच्यामुळे ही गोष्ट ओळखली जाते, ते गालातल्या गालात हसणारे मांजर आणि वेड्या टोपीवाल्याचा चहापानाचा प्रसंग मूळ वहीत नव्हतेच. ते छापील पुस्तकासाठी नव्याने रचले गेले.

वाढले काय, हे सर्वांना माहीत असते. गळाले काय, ते अधिक बोलके आहे. मूळ वहीत अश्रूंच्या तळ्यातून बाहेर पडलेले ओलेचिंब प्राणी डोडो पक्ष्याच्या सूचनेवरून जवळच्या एका घरी जातात आणि पांघरुणे लपेटून शेकोटीपाशी बसतात. कोणत्याही परक्या वाचकाला हा भाग काहीसा निरर्थक वाटेल. अ‍ॅलिसला मात्र त्याचा अर्थ लगेच कळला असणार. कारण त्या होडीच्या सहलीच्या अवघे काही दिवस आधी, १७ जून १८६२ रोजी, याच मंडळींना दुसऱ्या एका सहलीत पावसाने गाठले होते आणि एका ओळखीच्या घरी कपडे वाळवावे लागले होते. डोडो म्हणजे स्वतः डॉज्सन, बदक म्हणजे डकवर्थ, लोरी पोपट म्हणजे लोरिना आणि गरुडाचे पिल्लू म्हणजे एडिथ. छापील पुस्तकात हे घर नाहीसे झाले आणि त्या जागी प्राण्यांची ती प्रसिद्ध गोलाकार शर्यत आली. साहित्य म्हणून शर्यत सरस आहे, यात शंका नाही. पण भेट म्हणून शेकोटीच सरस होती, असे म्हणावे लागते. एकाच गोष्टीच्या या दोन रूपांतील फरक लक्षात घेतला, तर भेटीच्या चित्रात नेमके काय काढावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर कॅरोल यांनी काढलेले अ‍ॅलिसचे चित्रही होते. ते मनासारखे साधले नसावे. कारण त्यावर त्यांनी स्वतः टिपलेले तिचे छायाचित्र चिकटवले. त्याखाली चित्र दडलेले आहे, हे १९७७ मध्ये उघडकीस आले.

जपून ठेवलेले पत्र

दुसरे उदाहरण बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचे. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील मुक्कामातून त्यांनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला पत्र लिहिले. नोएल मूर त्या वेळी पाच वर्षांचा होता. लिहिण्यासारखे विशेष काही नसल्याने त्यांनी चार सशांची एक गोष्ट लिहिली आणि ओळींच्या अधेमधे शाईने छोटी छोटी चित्रे काढली. त्यातला पीटर हा त्यांच्या स्वतःच्या पाळीव सशाच्या नावाचा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नोएलच्या धाकट्या भावाला, एरिकला, असेच सचित्र पत्र पाठवले. त्यात ससा नव्हता, मासे पकडायला निघालेला बेडूक होता. दोन भावांना एकच गोष्ट पाठवायची नाही, एवढे भान त्या बाईंनी राखले होते.

सात वर्षांनी, १९०० च्या सुमारास, या पत्रांची पुस्तके होऊ शकतील, असा विचार पुढे आला. तेव्हा पॉटर यांच्याकडे त्या चित्रांची एकही नक्कल नव्हती. नोएलने पत्र जपून ठेवले होते म्हणून ते त्यांना उसने मागून घेता आले. त्यावरून त्यांनी गोष्ट वाढवली, चित्रे नव्याने काढली. प्रकाशकांनी नकार दिल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या आणि त्यांतील कित्येक नातेवाइकांना व स्नेह्यांना भेट दिल्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत आवृत्ती काढली. 'द टेल ऑफ पीटर रॅबिट' हे ते पुस्तक.

या काळातही पॉटर यांची वैयक्तिक भेटींची सवय सुटली नाही. १९०१ च्या नाताळात त्यांनी नोएलच्या बहिणीला, फ्रेडाला, एका साध्या वहीत ग्लॉस्टरच्या शिंप्याची गोष्ट लिहून व त्यात बारा जलरंगचित्रे काढून दिली. ही वहीसुद्धा पुढे पुस्तक करण्यासाठी परत उसनी मागावी लागली.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांचा वसा याहून लांबचा. १९२० मध्ये त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलाला फादर ख्रिसमसच्या नावाने सचित्र पत्र लिहिले आणि पुढे १९४३ पर्यंत दर नाताळात मुलांना अशी पत्रे येत राहिली. म्हाताऱ्याचा हात थंडीने थरथरतो म्हणून अक्षर कापरे, मध्येच त्याच्या अस्वलाने जाड अक्षरात मारलेले शेरे, पाकिटावर उत्तर ध्रुवाचे हाताने रंगवलेले तिकीट, असा सगळा सरंजाम. पत्रे पुस्तकरूपाने आली ती १९७६ मध्ये, टोल्किन यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. तेवीस वर्षे त्यांना चारच वाचक होते.

शांतिनिकेतन ते लोटली

आपल्याकडे या परंपरेचे सर्वांत सुंदर रूप शांतिनिकेतनात दिसते. नंदलाल बोस आपल्या विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डावर चित्रे काढून पाठवत. प्रवासात दिसलेले झाड, वाटेवरचा बैल, डोक्यावर ओझे घेतलेली बाई. शाईचे चार-सहा फटकारे आणि खाली दोन ओळी. भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट ज्यांच्या देखरेखीखाली झाली, त्या कलावंताला तळहाताएवढे कार्ड कमीपणाचे वाटले नाही.

गोव्याचे मारिओ मिरांडा यांची हकीकत आणखी मनोरंजक आहे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढत. आईने भिंती वाचवण्यासाठी त्यांना कोरी वही आणून दिली. तीच त्यांची पहिली 'डायरी'. मित्रांना त्यांच्यापुरती खास पोस्टकार्डे रंगवून देऊन ते थोडा हातखर्चही सुटवत. लोटली गावातील लग्ने, चर्चमधील गर्दी, पाद्री, बँडवाले, भांडणारी कुत्री यांनी भरलेल्या त्या सचित्र रोजनिश्या त्यांनी स्वतःच्या मौजेखातर लिहिल्या होत्या. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या कित्येक दशकांनी ग्रंथरूपाने प्रकाशित झाल्या. 'इलस्ट्रेटेड वीकली'तून देशभर पोहोचलेली मारिओंची गजबजलेली पाने पाहिली, की त्यांचा उगम या वह्यांत आहे, हे सहज कळते.

ज्यांना तरीही आपला हात चालणार नाही अशी धास्ती वाटते, त्यांनी जपानमधील 'एतेगामी' या प्रकाराकडे पाहावे. एतेगामी म्हणजे चित्रपत्र. कुनिओ कोइके (१९४१ ते २०२३) यांनी तो लोकप्रिय केला. पोस्टकार्डावर समोरची एखादी साधी वस्तू, वांगे, कांदा किंवा जुना बूट, कार्डाबाहेर जाईल इतकी मोठी काढायची आणि शेजारी एखादे वाक्य लिहायचे. आधी पेन्सिलीने आखायचे नाही, सराव करायचा नाही. कुंचला टोकाशी धरून रेघ मुद्दाम सावकाश ओढायची, म्हणजे ती थोडी कापतेच. चित्र ओबडधोबड असले तरी चालेल, किंबहुना ओबडधोबडच बरे, हे या पंथाचे ब्रीद आहे. इंटरमिजिएटला 'क' श्रेणी मिळवलेल्यांना याहून मोठा दिलासा कोणता?

काय काढावे

बहुतेक हौशी मंडळी पहिल्यांदा चुकतात ती विषयाच्या निवडीत. आजीला भेट द्यायची म्हणजे आजीचा चेहराच काढायला हवा, असे गृहीत धरले जाते. चेहऱ्यातील साम्य हे चित्रकलेतील सर्वांत अवघड काम. ते साधले नाही की देणारा खट्टू होतो आणि घेणारा संकोचतो. त्याऐवजी माणसाभोवतीच्या वस्तू काढाव्यात. चित्रकलेच्या परीक्षेतील स्मरणचित्राच्या पेपरात प्रत्येकाने कधी तरी भाजीबाजार किंवा बसथांबा काढलेला असतो. तो कुठलाही बाजार असतो आणि कुठलाही थांबा. भेटीच्या वहीतही स्मरणचित्रच काढायचे असते, पण ते त्याच माणसाच्या बाजाराचे.

यासाठी एक सोपी रीत उपयोगी पडते. रंगपेटी उघडण्याआधी ज्याला भेट द्यायची त्याच्याविषयी वीस गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. पहिल्या पाच-सहा गोष्टी कोणाविषयीही लिहिता येतील अशाच निघतात: प्रेमळ, कष्टाळू, चहाची आवड. त्या खुशाल बाजूला ठेवाव्यात. दहाव्या-बाराव्या गोष्टीपाशी खरा माणूस दिसू लागतो. चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा, वर्तमानपत्राची घडी घालण्याची विशिष्ट तऱ्हा, बशीत ओतूनच प्यायचा चहा, बँकेच्या पासबुकात ठेवलेली मोराची पिसे. चित्रे निघतात ती यांतून.

आजीच्या पंचाहत्तरीसाठी तिच्या स्वयंपाकघरातील बारा वस्तूंची वही करता येईल. विळी, सांडशी, पोळपाट, सोऱ्या, पुरणयंत्र, फिरकीचा तांब्या, मिसळणाचा डबा. प्रत्येक पानावर एक वस्तू आणि खाली तिची हकीकत: सांडशी कोणत्या जत्रेतून आणली, पुरणयंत्राचा दांडा कोणी तोडला. येथे एक अनुभव हमखास येतो. हकीकत विचारायला गेले की ज्याला भेट द्यायची त्यालाच सुगावा लागतो; म्हणून ती मावशीकडून किंवा काकांकडून काढून घ्यावी लागते. भेट तयार होता होता घरातील इतर चार माणसेही तिच्यात गुंततात, हा या उद्योगाचा एक लाभच.

सध्याच्या मुंबईत याच प्रकाराला आणखी एक निकड आली आहे. गिरगाव, परळ, नायगाव या भागांतील चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. चाळीतील जिना, सामाईक नळ, गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, गणपती बसवण्याची जागा, कोणाच्या दारात कोणती तुळस, यांची छायाचित्रे निघतात खरी. पण छायाचित्रात एका वेळी एकच कोपरा येतो. हाताने काढलेल्या नकाशात तिन्ही मजले, सगळी बिऱ्हाडे आणि गेल्या चाळीस वर्षांतील भाडेकरूसुद्धा एकत्र नांदू शकतात. अशा नकाशाच्या प्रती काढून पांगणाऱ्या शेजाऱ्यांना देता येतात. येथे प्रमाणबद्धतेचा आग्रह धरू नये. ज्या खोलीत सगळी मुले जमत, ती नकाशात मोठी निघाली तर ती चूक नव्हे.

कागद, शाई आणि घडी

साहित्याचा खर्च फार नाही; त्याची भीतीच जास्त असते. सर्वांत सोपे पुस्तक एकाच कागदाचे. ए-४ आकाराचा कागद आधी लांबीत दुमडून, मग दोनदा आडवा दुमडून त्याचे आठ सारखे चौकोन करावेत. उलगडून मधल्या चार चौकोनांमधून जाणारी घडी तेवढी कापावी, दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलावीत आणि पाने मिटावीत. न शिवता, न चिकटवता आठ पानांची चिमुकली पुस्तिका हातात येते. यापेक्षा मोठी वही हवी असल्यास कागद मधोमध दुमडून एकात एक घालावेत आणि मधल्या घडीवर तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवावे. अशा वहीची पाने नेहमी चारच्या पटीत होतात. चार कागदांची सोळा पाने. हा हिशेब आधी केला नाही तर शेवटी तीन पाने कोरी उरतात आणि त्यांवर नाइलाजाने फुले काढावी लागतात. म्हणून आधी साध्या कागदाची कच्ची वही करून कोणत्या पानावर काय येईल, ते पेन्सिलीने टिपून घ्यावे.

झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्यावर पाण्याचा रंग लावला की तो आकसतो. पेन व रंगीत पेन्सिलीसाठी १२० ते १५० जीएसएमचा, तर जलरंगासाठी ३०० जीएसएमचा कागद योग्य. मात्र ३०० जीएसएमचा कागद दुमडताना घडीवर तडकतो, त्यामुळे त्याची पाने सुटी ठेवून पेटीत द्यावीत किंवा पट्टीने दाबून घडी पाडावी. हातकागद वापरण्याची हौस असेल तर पुण्यात १९४० पासून चालत आलेली हातकागद संस्था जवळच आहे. हा कागद दिसायला देखणा, पण काही हातकागदांवर शाई फुटते. कोपऱ्यावर रेघ ओढून पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये.

शाईच्या बाबतीत एक सूचना महत्त्वाची. फाउंटन पेनची नेहमीची शाई पाण्यात विरघळते. तिने रेखाटन करून वर जलरंग लावला की सारे चित्र निळे होते. यासाठी जलरोधक शाई वापरावी आणि ती पूर्ण वाळू द्यावी. मुलांच्या स्केचपेनचे रंग पहिल्या दिवशी झळझळीत दिसतात, पण उजेडात टांगले तर काही वर्षांत फिके पडतात. वहीत मिटलेले चित्र भिंतीवरच्या चित्रापेक्षा अधिक टिकते. फ्रेम करायचीच असेल तर काच आणि चित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवावे. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगलेल्या चित्रावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्यावर उपाय म्हणून चित्र लॅमिनेट करून टाकण्याची आपल्याकडची रीत मात्र टाळावी. गरम प्लास्टिक एकदा चिकटले की ते काढता येत नाही.

देण्याआधी एक नक्कल

भेट दिली की चित्र आपले राहत नाही, ही गोष्ट उमगते तेव्हा उशीर झालेला असतो. पॉटर यांना उसने मागायला नोएल भेटला. सगळेच नोएल नसतात. घर बदलताना, रद्दी देताना अशा वह्या जातात. त्यामुळे देण्यापूर्वी प्रत्येक पान किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवावे. पुढेमागे मोठ्या आकारात छापायचे असेल तर ६०० डीपीआयवर. मोबाइलने फोटो काढायचा झाल्यास खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात, कॅमेरा चित्राला समांतर धरून काढावा.

वस्तूची मालकी आणि चित्रावरचा हक्क या दोन निराळ्या बाबी आहेत, हेही जाणून घेतलेले बरे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला हक्कदार तो काढणारा असतो आणि हा हक्क त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. चित्र भेट दिल्याने ते घेणाऱ्याच्या मालकीचे होते. त्याच्या प्रती छापण्याचा हक्क मात्र लेखी दिल्याशिवाय त्याच्याकडे जात नाही. गोम आहे ती पुढे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून दिले असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर कलम १७ नुसार कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे मैत्रिणीला फुकट काढून दिलेल्या चित्रावर आपला हक्क राहतो आणि तिच्या नणंदेने पैसे देऊन करवून घेतलेल्या तशाच चित्रावर तो राहत नाही.

आणि नणंद येतेच. एखादी वही चांगली जमली की 'मलाही एक करून दे, पैसे देते' असे चार जण म्हणतात. पैसे घेण्यात काही गैर नाही. परंतु ज्या माणसाची वीस गोष्टींची यादी आपल्याला करता येत नाही, त्याच्यासाठी काढलेली वही पहिलीसारखी होत नाही, हे ध्यानात ठेवूनच होकार द्यावा. मग छायाचित्रे मागवावी लागतात, माहिती विचारावी लागते आणि मौज म्हणून सुरू झालेल्या गोष्टीला मुदत चिकटते. ज्यांना तो व्यवसायच करायचा आहे त्यांनी जरूर करावा. इतरांनी वर्षाला दोन-तीन वह्यांवर थांबलेले उत्तम.

मार्च २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने घरच्या छायाचित्रांना जपानी चित्रपटांचे रूप देण्याची लाट आली आणि काही दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच धाटणीचे मोठ्या डोळ्यांचे कुटुंब दिसू लागले. यंत्राला चेहरा दिला की चित्र मिळते. पण दिलेल्या छायाचित्रात जे नाही, ते त्याला ठाऊक नसते. पासबुकातील मोराचे पीस त्यात येत नाही, पुरणयंत्राचा दांडा त्यात मोडलेला नसतो. ते त्याला कोणी तरी सांगावे लागते आणि जो सांगू शकतो, तो ते काढूही शकतो.

अ‍ॅलिसच्या वहीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. १८८५ मध्ये कॅरोल यांनी ती हुबेहूब छापण्यासाठी तिच्याकडून उसनी मागितली आणि १८८६ मध्ये तशी आवृत्ती निघाली. अ‍ॅलिसने वही त्रेसष्ट वर्षे सांभाळली. १९२६ मध्ये पतीचे निधन झाल्यावर पैशांची निकड निर्माण झाली आणि १९२८ मध्ये तिने ती लंडनच्या सदबीज येथे लिलावात काढली. १५ हजार ४०० पौंडांना अमेरिकी ग्रंथविक्रेते रोझेनबाख यांनी ती घेतली. १९४८ मध्ये, युद्धात ब्रिटनने दाखवलेल्या धैर्याची कृतज्ञता म्हणून, अमेरिकेतील काही ग्रंथप्रेमींनी ती विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला परत दिली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिची पाने संगणकावर कोणालाही पाहता येतात. ओल्या प्राण्यांना घेऊन शेकोटीच्या घराकडे निघालेला डोडो त्यांत अजून आहे.